दुधाचा गंज

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी घरात आजारपण होतं, त्यामुळे लिहिणं राहूनच गेलं. आजचा विषय त्या आजारपणातूनच निघाला आहे. थोडा लांबला तर सांभाळून घ्या.

आमचं गाव अंजनगाव सुर्जी. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात त्याचं नाव एकदाच यायचं. ३० डिसेंबर १८०३ला दौलतराव शिंदे आणि इंग्रजांमध्ये जो तह झाला, तो सुर्जी-अंजनगावचा तह. वर्गात हे वाक्य आलं की आम्ही मुलं उगाचच छाती फुगवायचो. पुढे मोठी झाल्यावर कळलं की तो आपल्या हरण्याचा तह होता! एरवी गावाची ओळख म्हणजे देवनाथ मठ, पानमळे, पानपिंपरी, आणि मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरून पूर्वी डुलत येणारी शकुंतला. पण आज सांगायचाय तो इतिहास स्वयंपाकघरातला आहे, आणि त्यात आमचंच घर आहे.

आधी शब्दाचा घोळ मिटवते. लग्न होऊन पुण्याला आले तेव्हा सासूबाईंना म्हटलं, "आई, दूध गंजात काढून ठेवू का?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. पुण्यात गंज म्हणजे लोखंडावर चढतो तो. आमच्या वऱ्हाडात गंज म्हणजे उभट पातेलं, दुधाचं, वरणाचं, भाताचं. आमच्या घरी आजीचा दुधाचा गंज पितळेचा होता. तिच्या माहेरून आंदणात आलेला, जाड बुडाचा, कडेवर नाव कोरलेला. माझ्या लहानपणी तो माळ्यावर पडलेला असे, पण आजी दिवाळीला तो उतरवून चिंचेने लख्ख घासून परत ठेवत असे. आम्हाला वाटायचं, माहेरची आठवण म्हणून.

आजीला माझे वडील हे तिसरं अपत्य. त्यांच्या आधीचे दोन्ही मुलगे गेले होते, पहिला १९५२ साली आणि दुसरा १९५५ साली. दोघेही साधारण दीड वर्षाचे असताना. घरात याबद्दल कोणी बोलत नसे. पण उन्हाळ्यात अंगणात खाटा टाकून झोपलो की कधीतरी आजीच बोलायची. "लेकरू असं गोरंपान होतं. मंग पोट वाढाले लागलं. हात लावला तं उजव्या अंगाले दगडावानी लागे. रडे, चिडचिड करे, कोनाजवळ जाये नाही. मंग डोये पिवळे झाले." आणि मग नेहमीचं वाक्य, "म्या काय कमी केलं होतं त्या लेकराले? दुधाचा गंज कधी चुलीवरून उतरू देला नाही."

गावात या दुखण्याला नाव होतं. "त्याले लिवर झालं" म्हणत. लिव्हर झालं म्हणजे लेकरू हातचं गेलं, असंच सगळे धरून चालत. मद्रासहून औषधाची बाटली मागवून झाली, वैद्य झाले, अंगारे-धुपारे झाले. दुसरा मुलगाही तसाच गेल्यावर मात्र बोट आजीकडे वळलं. हिच्या दुधातच दोष आहे, हिच्या पायगुणाने झालं, हिची कूस उजत नाही. हे बोलणाऱ्या बायका सख्ख्या नात्यातल्या होत्या. आजीने कुणाचं नाव घेतलं नाही, मीही घेत नाही.

आता दोन वर्षांपूर्वीचं. माझ्या चुलत बहिणीच्या मुलाला, वय अकरा, पोटात दुखणं, जुलाब, वजन घटणं सुरू झालं. आधी जंत, मग आतड्याचा टीबी असेल अशी शंका, आणि शेवटी दुर्बिणीची तपासणी होऊन निदान झालं, क्रोन्स. म्हणजे आतड्याला वारंवार सूज येणारा आजार. (हे तिला विचारूनच लिहिते आहे.) १९३२ साली न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. मुलांमध्ये सूज उतरवायला कधीकधी सहा ते आठ आठवडे नेहमीचं सगळं जेवण बंद करून फक्त पातळ पोषक आहारावर ठेवतात. आमच्या मुलाने ते केलं. घरात पुरणपोळी असताना अकरा वर्षांच्या मुलाने ग्लासभर तेच ते पेय पिणं म्हणजे काय, ते बघणाऱ्यालाच कळतं. आज तो बराच बरा आहे, औषधं चालू आहेत.

त्या दिवसांत एकदा बहीण रात्री फोनवर रडत म्हणाली, "माझं काय चुकलं गं? मी याला काय खाऊ घातलं असं?" मला एकदम अंगणातली खाट आठवली. सत्तर वर्षांनी, त्याच घरात, तोच प्रश्न.

तिला उत्तर द्यायचं म्हणून मी वाचायला लागले. मुलांच्या पोटाच्या आजारांवर जे मिळेल ते. आणि वाचता वाचता क्रोन्सचं बाजूला राहिलं नि एका जुन्या संशोधनापाशी येऊन थांबले. ते झालं होतं माझ्या पुण्याच्या घरापासून जेमतेम दहा मिनिटांवर, रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलमध्ये. (मुंबईचं नव्हे हं, पुण्याचं.)

त्या आजाराचं पुस्तकी नाव इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस. नावातच इंडियन, कारण जगात दुसरीकडे तो असा सहसा दिसत नसे. कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी १८८७ साली त्याची पहिली नोंद केली असं मानतात. सहा महिने ते चार-पाच वर्षं हे वय, त्यातही एक ते तीन वर्षांची मुलं जास्त. यकृत वाढतं, टणक होतं, कडा धारदार लागते. पुढे कावीळ, पोटात पाणी, आणि बहुतेक वेळा काही महिन्यांत शेवट. आजीचं "दगडावानी" हे वर्णन मला डॉक्टरांच्या पुस्तकात जवळजवळ तसंच सापडलं तेव्हा अंगावर काटा आला.

या आजाराच्या तऱ्हा विचित्र होत्या. मुलींपेक्षा मुलगे जास्त. शहरापेक्षा खेडी आणि लहान गावं जास्त. अगदी गरिबांपेक्षा खाऊन-पिऊन सुखी घरं जास्त. हिंदूंमध्ये दिसे, मुसलमानांमध्ये फार विरळा. आणि एकाच घरात पाठोपाठच्या भावंडांना होई. आता हे सगळं समोर ठेवलं तर कुणालाही काय वाटेल? रक्तातलाच दोष! वर्षानुवर्षं आनुवंशिकतेकडे बोट दाखवलं गेलं. विषाणू, कुपोषण, घुटीतली औषधं, असेही तर्क झाले. सूक्ष्मदर्शकाखाली तर आणखी नवल. अट्टल दारुड्याच्या यकृतात दिसतात तसे बदल दूध पिणाऱ्या बाळाच्या यकृतात दिसत.

धागा सापडला तो १९७८-७९च्या सुमारास. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधल्या मंडळींनी या मुलांच्या यकृताच्या तुकड्यांवर ऑर्सिन नावाचा रंग चढवून पाहिला, तर पेशींमध्ये गडद कण दिसले. हे कण तांब्याशी निगडित असतात. मग प्रत्यक्ष तांबं मोजलं. निरोगी यकृतात कोरड्या वजनाच्या दर ग्रॅमला साधारण ५० मायक्रोग्रॅमच्या आत तांबं असतं. या मुलांच्या यकृतात ते शेकड्यांनी आणि हजारांनी निघालं. तांबं साठण्याचा एक आनुवंशिक आजार, विल्सन्स डिसीज, १९१२पासून माहीत होता. पण त्यात रक्तातलं तांबं वाहून नेणारं एक प्रथिन सहसा कमी असतं. या मुलांमध्ये ते कमी नव्हतं. म्हणजे हा तो आजार नव्हे. मग तांबं येतंय कुठून?

इथे पुण्याचे डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे, आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांचं काम येतं. त्यांनी शोध घेतला तो स्वयंपाकघरात. आजारी मुलांच्या घरी आणि त्यांच्या जोडीला तशाच वयाच्या निरोगी मुलांच्या घरी, बाळाला काय पाजलं याची चौकशी. वरचं दूध कधी सुरू केलं? कोणत्या भांड्यात तापवता? ठेवता कशात? १९८३ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा निबंध आला. त्याचा गाभा असा की या मुलांना फार लवकर वरचं दूध सुरू झालं होतं, आणि ते दूध पितळेच्या भांड्यांत तापवलेलं, ठेवलेलं होतं. १९८७ साली जोड्या लावून केलेली आहाराची तुलनाही प्रसिद्ध झाली, तिचाही कौल तोच होता.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. त्यात दूध तापलं, तसंच राहिलं, पुन्हा तापलं की तांबं दुधात उतरतं आणि केसीन या दुधातल्या प्रथिनाला चिकटून बसतं. ओ'नील आणि टॅनर यांनी १९८९ साली प्रयोगशाळेत हे करूनच दाखवलं. दुधाला ना चव बदलते, ना हिरवी झाक येते. आईला कळणार कसं? आणि बाळाचं यकृत जन्मतःच तांब्याचा साठा घेऊन आलेलं असतं, जास्तीचं तांबं पित्तातून बाहेर टाकण्याची त्याची ताकद कमी. आईच्या दुधात तांबं अगदी थोडं.

आता वरच्या सगळ्या तऱ्हा पुन्हा एकदा बघा. सुखी घर म्हणजे दारात गाय, घरात पितळ, आणि बाळाला लवकर वरचं दूध. गरिबाकडे ना गाय ना पितळ, आई पाजेल तितके दिवस अंगावरचं. मुसलमान घरांत तांब्याची भांडी, पण त्यांना नेहमी कल्हई. पाठोपाठची भावंडं, कारण गंज तोच!

कल्हईबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. आमच्या गल्लीत कल्हईवाला यायचा. जमिनीत खड्डा करून भाता लावायचा, भांडं लाल तापलं की नवसागराची भुकटी टाकायचा, भसकन पांढरा धूर, मग कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने एक हात मारला की आतून चांदीसारखं. आम्ही तो वास घ्यायला मुद्दाम जवळ बसायचो. आई सांगते, आजी वरणाच्या, कढीच्या भांड्यांना नेमाने कल्हई करून घ्यायची. आंबट कळकतं ना! दुधाच्या गंजाला मात्र कधीच नाही. दूध कुठे आंबट असतं? पुन्हा घासून लख्ख करायची सवय, म्हणजे दर वेळी नवं पितळ उघडं. आणि बाळाला पाजायचं बोंडलंही पितळेचंच.

मी आईला फोन करून एकच प्रश्न विचारला, "बाबा कसे वाचले?" आई म्हणाली, तिसऱ्या वेळी पणजी हट्टाने आजीला माहेरी घेऊन गेली आणि वर्षभर परत पाठवलंच नाही. "हिच्या सासरच्या घरातच काही आहे" असं तिचं म्हणणं होतं, म्हणजे भूतबाधा वगैरे. आंदणात पितळ देऊन माहेर तोवर ओढग्रस्तीला आलं होतं. गाय विकलेली. आजीने बाबांना सव्वा वर्ष अंगावरच पाजलं, जोडीला भाताची पेज, तीही जर्मनच्या भगोण्यात. परत आल्यावर आजीने गंज माळ्यावर टाकला, दूध तापवायला तेच जर्मनचं भगोणं घेतलं. का टाकला, ते तिने कोणाला सांगितलं नाही. तिला काही ठाऊक होतं की नुसतं बघवत नव्हतं म्हणून, कोण जाणे.

इथे मला प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या त्या दोन काकांना हाच आजार होता हे मी सिद्ध करू शकत नाही. यकृताचा तुकडा कोणी तपासला नाही, कागद एकही नाही. वय, दगडासारखं पोट, कावीळ, गंज आणि भावंडं, एवढंच जुळतं. शिवाय संशोधनाच्या जगातही सगळे एकमताचे नाहीत. डॉ. नायक आणि डॉ. चितळे या यकृताच्या पॅथॉलॉजीतल्या जाणत्यांनी २०१३ साली लेख लिहून या पितळेच्या सिद्धान्तावर शंका घेतल्या. तांबं हे कारण की आजाराचा परिणाम, असा त्यांचा रोख. अमेरिकेतल्या काही गावांत पिण्याच्या पाण्यात तांबं जास्त असूनही असा आजार दिसला नाही, हाही मुद्दा पुढे आला आहे. उलट बाजूला ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांताचं उदाहरण आहे. १९०० ते १९७४ या काळात तिथल्या काही खोऱ्यांत १३८ बाळं अगदी अशाच आजाराने गेली. तिथेही गाईचं दूध पातळ करून तांब्याच्या भांड्यात तापवत. भांडी बदलली आणि आजार संपला. १९९६ साली तिथल्या डॉक्टरांनी हे मांडताना म्हटलं की मुलामध्ये उपजत कमजोरी आणि भांड्यातलं तांबं, दोन्ही एकत्र आलं की आजार होतो. एकाच गंजातलं दूध पिऊन सगळीच मुलं का आजारी पडत नसत, याचं उत्तर त्यात मिळतं.

पुण्याच्या मंडळींनी उपचारही करून पाहिले. तांबं शरीराबाहेर काढणारं पेनिसिलामाइन हे औषध विल्सन्स डिसीजसाठी १९५६मध्ये डॉ. वॉल्श यांनी आणलं होतं. ते कावीळ होण्याआधी सुरू केलं तर काही मुलं वाचत. उशिरा आलेल्यांना फारसा उपयोग होत नसे. खरा उपाय साधाच होता. आईचं दूध पाजा, आणि वरचं द्यायचंच तर पितळेत तापवू नका. १९९२ साली या आजाराच्या प्रतिबंधावर त्यांचा निबंध आला. तोवर घरोघरी स्टील शिरलं होतं. जुनी पितळेची मोड देऊन स्टीलचे डबे घेण्याची लाट आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तो आजार आज इतका दुर्मीळ झालाय की नव्या डॉक्टरांनी पुस्तकातच बघावा. श्रेय संशोधकांचं किती आणि स्टीलचं किती, हा हिशोब मला मांडता येत नाही. पण बाई, तुझ्या दुधात दोष नाही, तुझ्या कुशीत दोष नाही, दोष भांड्यात आहे, हे कोणीतरी शोधून, मोजून, छापून सांगितलं ही केवढी मोठी गोष्ट!

आजी १९९९ साली गेली. म्हणजे लॅन्सेटमधल्या त्या निबंधानंतर सोळा वर्षं ती होती, आणि आमच्यापैकी कोणालाच काही माहीत नव्हतं. कधीकधी वाटतं, कळलं असतं तर तिला सांगितलं असतं का? "तुझ्यात दोष नव्हता" हे सांगताना "पण तू जो गंज चुलीवरून उतरू दिला नाहीस, त्यानेच..." हेही सांगावं लागलं असतं. एक ओझं उतरवताना दुसरं चढवायचं. मी खूप विचार केला. मला वाटतं, मी सांगितलं असतं. तिला निदान हे तरी कळलं असतं की तिने जे केलं ते त्या काळच्या प्रत्येक चांगल्या आईने केलं, आणि ज्या बायका तिला बोलल्या त्यांच्याही घरी गंज पितळेचेच होते.

बहिणीला मी हे सगळं सांगितलं. क्रोन्सच्या बाबतीत असा एखादा गंज अजून सापडलेला नाही. २००१ साली त्याच्याशी संबंध असलेलं पहिलं जनुक सापडलं, पुढे आणखी पुष्कळ सापडली. आतड्यातले जंतू, बदललेलं खाणं, असं बरंच काही एकत्र येऊन तो होतो असं आज मानतात. आपल्या देशात तो वाढतो आहे आणि त्याची कारणं शोधणारे लोक आजही मुलांनी काय खाल्लं हे आयांना विचारत आहेत. ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे विचारणारा कोण आहे त्यावर असतं. सासरचे विचारतात तेव्हा आरोप असतो, डॉक्टर विचारतात तेव्हा शोध." मला यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं.

जाता जाता एक सूचना. हल्ली पितळेच्या-तांब्याच्या भांड्यांची हौस परत आली आहे. मोठ्यांनी हौस जरूर करावी, आतून कल्हई करून घ्यावी. पण तान्ह्या बाळाचं दूध मात्र कल्हई नसलेल्या पितळेत तापवू नका, ठेवू नका. आजीचं भांडं म्हणूनसुद्धा नको.

तो गंज आता माझ्याकडे आहे. गेल्या उन्हाळ्यात अंजनगावचं घर आवरताना माळ्यावरून निघाला. भावाने विचारलं, मोडीत घालू का? मी म्हटलं नको. पुण्याला आणला. दारात ठेवला आहे, त्यात माती भरून नागवेलीचा एक वेल लावलाय, गावाकडचाच. पानं चांगली धरली आहेत. आतून घासत मात्र नाही. काळा पडलाय, पडू दे.

असो. नातेवाईक मंडळींपैकी कोणाला १९५०च्या आसपासचं काही आठवत असेल, कोणाच्या घरी असं "लिवर झालेलं" लेकरू गेलं असेल, तर मला जरूर लिहा. नावं नकोत, नुसती हकिकत चालेल. आणि त्या लेकरांच्या आयांपैकी कोणी हयात असतील, तर त्यांना हे वाचून दाखवा. दाखवायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा.